डाव्या चाकाची खीळ

कळवे, ता. २३ फेब्रुवारी १८८८

प्रिय बहीण क्लेमेंटिना हीस,

तुझे कार्ड काल मिळाले. इनासच्या मातीनंतर, नवऱ्याला इथेच ठेवून, तू कोणाशी एक शब्द न बोलता वसईच्या पडावात शिडाखाली जाऊन बसलीस, तेव्हापासून मी रोज टपाल बघत होतो. आले ते एका ओळीचे. "चाकाची खीळ कोणी बघितली होती?" वर "प्रिय भाऊ" नाही, खाली तुझे नाव नाही.

उत्तर सरळ आहे. खीळ दामाजीने बघायची. बाबांच्या वेळेपासून वीस वर्षे आपली मिठाची गाडी तोच हाकतो. चाकाला वंगण घालणे, चाकाभोवतीची लोखंडी धाव सैल झाली तर चाक भिजत टाकणे, जुपण्या, दोऱ्या, खिळा, सगळे त्याच्या हाती. मी ठाण्याच्या कचेरीत कागदांची भाषांतरे करणारा माणूस. गाडी माझ्या नावावर आहे, इतकाच माझा तिच्याशी संबंध.

तुला जे कळले ते तुटक कळले असेल, म्हणून एकदा क्रमाने लिहितो. शनिवारी, ११ तारखेला सकाळी, गाडी मीठ भरून कल्याणच्या वाटेला लागली. इनासला कल्याणच्या बाजारात बैल बघायचे होते, तो पोत्यांवर बसून निघाला. शिळेच्या अलीकडे उतार आहे, तिथे उजवे चाक निखळले. गाडी कलली आणि इनासचा पाय खाली सापडला. तेवढ्यावर निभावले असते. पण दामाजीने गाडी उचलून चाक परत चढवले, आणि आखाच्या टोकाला, चाक निसटू नये म्हणून, जिथे लोखंडी खीळ हवी तिथे बाभळीची काडी खुपसली. त्या काडीच्या भरवशावर, पाय मोडलेल्या माणसाला पोत्यांवर निजवून, गाडी पुन्हा हाकली! शंभर पावलांत काडी मोडली. या खेपेला गाडी आणि पोती दोन्ही इनासच्या छातीवर आली.

काडी! मला ते लिहितानाही किळस येते. वीस वर्षे ज्याच्या हातावर आपण विसंबलो तो हात असा निघावा.

पंचनाम्यात लिहिले आहे की मूळची खीळ कुठेच सापडली नाही, म्हणजे सकाळी ती घातलीच नव्हती. कल्याणच्या मॅजिस्ट्रेटपुढे ३ एप्रिलला खटला आहे. मालक म्हणून माझी साक्ष होईल. सरकारी वकील म्हणतात, दामाजीला दोन वर्षे होतील. सध्या तो गावच्या पाटलाच्या जामिनावर बाहेर आहे. माझ्याकडे आला नाही, आला असता तरी मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नसते.

११ मार्चला रविवारी इनासच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा पाद्रीबाबांना सांगून ठाण्याच्या देवळात ठरवली आहे. तू मुलांना घेऊन पडावाने ये. बंदरावर मी गाडी पाठवतो. ती दुरुस्त झाली आहे, उजव्या बाजूला नवी खीळ घातली आहे, आणि विठ्ठल नावाचा नवा गाडीवान ठेवला आहे. मुलांना काही भीती नाही.

तुझा थोरला भाऊ,
लिनो


कळवे, ता. ४ मार्च १८८८

प्रिय क्लेमेंटिना,

या वेळी दोन ओळी आल्या. "तुझ्या गाडीत मी बसणार नाही. अमावास्येला गाडी कोणी काढायला लावली?"

पहिल्या ओळीबद्दल काही म्हणत नाही. मिस्सा तू वसईलाच करशील असे धरतो.

दुसऱ्या ओळीचे उत्तर: मी.

पण रागावण्याआधी नीट वाच. आपल्या घरी रविवारी कामाला हात लावायचा नाही ही रीत बाबांच्या आधीपासूनची. बाबा मात्र त्यात ढिले होते. गडी रविवारी गोठ्यात काही ठोकत बसले तर ते पाठ फिरवून देवळात जायचे. मला ते पटत नसे. आपल्या दारात, आपल्या गाडीचे, आपल्या प्रभूच्या दिवशी दुसऱ्याच्या हातून काम करून घ्यायचे आणि आपण गुडघे टेकायचे, हा ढोंगीपणा आहे असे मला कॉलेजात असल्यापासून वाटत आले. बाबा गेल्यावर मी ते बंद केले. रविवारी गाडीला कोणी बोट लावायचे नाही. याचे दामाजीला काही वाटले नाही, कारण त्याची सुट्टी वेगळी होती. त्यांच्यात अमावास्येला बैल जुंपत नाहीत. त्या दिवशी तो चाके उतरवायचा, चाकांच्या मधल्या तुंब्यातले जुने काळे वंगण काढून एरंडेल आणि कोळशाच्या पुडीचे नवे भरायचा, खिळा काढून बघायचा. दिवसभर आमच्या अंगणात ठोकाठोक चाले.

महिन्यातून चार रविवार आणि वर एक अमावास्या. मिठागरावर माल पडून राही. दीड वर्षापूर्वी मी त्याला म्हणालो, "दामाजी, सुट्टी एकच. रविवार घे, नाहीतर अमावास्या घे."

तो म्हणाला, "इतवार तुमचा हाय बाब, तो मी कसा घेऊ?"

मी म्हणालो, "घे, मी देतो आहे."

मी हे मोठ्या उदारपणे म्हणालो होतो. रोजनिशीत त्या दिवसाखाली लिहिलेले आहे, "दामाजीस रविवारची पूर्ण विश्रांती दिली. मन हलके झाले." आज ते वाचून शिसारी आली.

हिशेब तूच कर. रविवारी मी हात लावू देत नाही. अमावास्येला गाडी रस्त्यावर. मग चाक उतरवायचे कधी? हा प्रश्न दीड वर्षात मला पडला नाही. दामाजीलाही पडला नसेल असे मी स्वतःला सांगत होतो. तुझे कार्ड आल्यापासून तसे सांगणे जमत नाही.

तरीसुद्धा खीळ घालणे हे रोज सकाळचे काम आहे, आणि ती घातलेली नव्हती. यात बदल होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी मी पाद्रीबाबांपुढे कुमसाराला बसलो तेव्हा सांगितली नाही. उपास मोडला, रागावलो, असली चिल्लर पापे मोजून आलो. ही राहिली. पोत्यांपैकी एक पोते इनासच्या रक्ताने भिजले होते. मीठ रक्त पिते, क्लेमेंटिना, हे मला ठाऊक नव्हते. आधी गुलाबी होते आणि दुसऱ्या दिवशी गुळासारखे तपकिरी. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो तेव्हा शिळेचा दुकानदार ते पोते उघडून बसला होता. मला बघून म्हणाला, "वरचा थर खरवडला की आत पांढरंशुभ्र आहे, रावसाहेब. उगीच टाकायचं कशाला?"

मी काही बोललो नाही. होय म्हणालो नाही, म्हणून त्या वेळी मला वाटले की यात माझा हात नाही. त्याने ते पोते आत नेले.

तेव्हापासून मी अळणी जेवतो. लोकांना वाटते उपासाचे दिवस म्हणून.

लिनो


कळवे, ता. १२ मार्च १८८८

क्लेमेंटिना,

आज भागीरथी आली होती, दामाजीची बायको. आज अमावास्या आहे, तिनेच आठवण करून दिली. मी कचेरीतून येऊन पाय धूत होतो. ती अंगणात उभी राहिली, बस म्हटले तर बसेना.

"गाडी कुठंय?"

"विठ्ठल घेऊन गेला आहे."

"आजपन?"

मी पाय पुसू लागलो.

"तुमच्या देवाला इतवारी घाम चालत नाय, आमच्या देवाला आवशीला चालत नाय. चाकाचा देव कंच्या दिवशी येनार व्हता, बाब?"

मी तिला म्हणालो, "भागीरथी, तुझ्या नवऱ्याने लाकडाची काडी घालून जखमी माणसाची गाडी हाकली. देवाला मध्ये आणू नकोस."

ती हसली. असे हसणे मी कधी ऐकलेले नाही, थुंकल्यासारखे. म्हणाली, "काडी? वीस वर्सं थोरल्या बाबांची गाडी काडीवरच चालली ना. तुमचं कॉलेजपन त्याच काडीवर झालं."

आणि मग तिने जे सांगितले ते मला आधीपासून ठाऊक होते, फक्त कोणी माझ्या तोंडावर बोलले नव्हते. ते तुलाही कळले पाहिजे.

बाबांच्या वेळी गाडीचा आख लाकडाचा होता आणि खिळाही लाकडाच्या, खैराच्या. मिठाच्या गाड्यांना सगळे तसेच करतात, कारण मीठ लोखंड खाते. लाकडाची खीळ झिजते ती डोळ्यांना दिसते, महिन्याला बदलायची. गाडीखाली वंगणाच्या नळीशेजारी दोन जास्तीच्या खिळा टांगलेल्या असत. त्या संपल्या तर वाटेवर कुठेही बाभूळ असते, कोयत्याने दहा मिनिटांत नवी होते, जाड, आंगठ्याएवढी, आणि घरापर्यंत बिनघोर पोचवते.

दीड वर्षापूर्वी मला ते रानटी वाटले. रेल्वेच्या डब्याखाली वाकून बघितलेला मी माणूस! ठाण्याच्या एका लोहाराकडून मी लोखंडी आख करून घेतला, लोखंडी खिळांसकट. टांगलेल्या लाकडी खिळा आपल्या स्वयंपाकघरातल्या चुलीत गेल्या. लोखंडी आखाला खिळीचे भोक असते ते चपटे, नखाएवढ्या रुंदीचे. त्यात बाभळीची खीळ बसवायची तर ती तासून तासून काडीच होते.

म्हणजे दामाजीने काडी घातली ती माझ्या भोकाच्या मापाने घातली.

"दुसरी गाडी येईपर्यंत थांबायचं होतं," मी म्हणालो. हे वाक्य मी साक्षीसाठी तयार करून ठेवले होते.

"कुठली गाडी?" ती म्हणाली. "आवस व्हती. कळव्यापास्नं कल्यानपावत त्या दिवशी रस्त्यावर तुमची येकच गाडी. दोन घंटे त्यानं वाट बगितली. तुमचा इनास पानी पानी करीत व्हता. शेवटाला तोच बोलला, दामाजी, हाक, मी धरून बसतो."

तू हे वाचताना तुझा चेहरा कसा होईल ते मी डोळ्यांसमोर आणू शकत नाही, आणायचा धीर होत नाही. पण ते शब्द तुझे आहेत, माझ्याजवळ ठेवण्याचा मला हक्क नाही.

जाताना ती एवढेच म्हणाली, "खीळ त्यानं सकाली बगितली व्हती. माथा जागेवर व्हता, वंगनात चमकत व्हता. आत काय झालं व्हतं ते देवाला ठावं. त्यो कोर्टात ह्येच बोलनार, आनि त्याला कोन इचारतो?"

लिनो


कळवे, गुड फ्रायडे, ता. ३० मार्च १८८८

क्लेमु,

लहानपणीच्या नावाने हाक मारतो आहे. तुला आवडणार नसेल तर ते खोडून पुढे वाच.

आज देवळात सगळे रांगेने क्रुसाचे मुके घेत होते. माझी पाळी आली आणि माझ्या ओठांना लोखंडाची चव आली. मी रांगेतून बाहेर पडलो. लोकांना वाटले उपासाने भोवळ आली. शेजारच्या पास्कूच्या आईने पदराने वारा घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "किती भाविक माणूस!"

खिळीचा तुकडा माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी मी शिळेला गेलो तेव्हा गाडी रस्त्याकडेला पडलेली होती, पंचनामा होऊन गेला होता. मी का वाकलो ते आठवत नाही. धुळीत वंगणाचा एक गोळा पडला होता, तुंब्यातून निसटलेला. तो मी काडीने उकलला आणि आत खिळीचा माथा निघाला, खाली अर्धे बोटभर दांडा. माथा नवाकोरा, वंगणात चकचकीत. आणि दांडा, क्लेमु, गंजाने खाऊन खाऊन दाभणाएवढा झालेला, जिथे मोडला तिथे तर सुतळीएवढा. खीळ होती. सकाळी जागेवर होती. वरून बघणाऱ्याला ती धडधाकटच दिसणार.

मी तो गोळा रुमालात गुंडाळला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. तेव्हापासून खण उघडला की कुजलेल्या एरंडेलाचा वास येतो. पोलिसांना दिला नाही. मी स्वतःशी म्हणालो, आधी नीट विचार करू. इतके दिवस नीट विचार करतो आहे.

दामाजीवर आरोप आहे तो खीळ न घातल्याचा. ती घातली होती याचा पुरावा माझ्या खणात आहे, आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा व्हायला चार दिवस उरले आहेत.

याहून वाईट पुढे आहे. लोहाराकडून आख आणला त्या दिवसाची रोजनिशी मी काल रात्री काढली. तुला माझी सवय ठाऊक आहे. करायच्या गोष्टी मी समासात लिहितो आणि केली की तिच्यावर रेघ मारतो. त्या पानावर समासात तीन गोष्टी आहेत. "मेणबत्त्या आणणे", तिच्यावर रेघ. "पाद्रीबाबांचे पुस्तक परत करणे", तिच्यावर रेघ. आणि तिसरी: "लोहार म्हणतो मिठाच्या गाडीची खीळ दर महिन्याला काढून पुसावी, नाहीतर आतून जाईल. दामाजीला सांगणे."

तिच्यावर रेघ नाही.

मी त्याला सांगितलेच नाही. लाकडाची खीळ तो डोळ्यांनी ओळखत होता. लोखंडाचे दुखणे आत असते हे त्याला सांगायचे काम एकाच माणसाचे होते. आणि काढून बघायचा त्याचा दिवस मी त्याच महिन्यात काढून घेतला.

या ओळीच्या वर मी एक ओळ खोडली आहे, ती तुला दिसेल. तिथे मी लिहिले होते, "तू सांगशील तसे करीन." लिहून झाल्यावर ते वाचले आणि स्वतःचा वीट आला. नवरा तुझा गेला, आणि आता भावाला वाचवायचे की गाडीवानाला, हेही मी तुझ्याच डोक्यावर ठेवणार होतो. वर तुझी परवानगी घेऊन पुण्यवान दिसणार होतो.

तू उत्तर पाठवू नकोस. ते मंगळवारच्या आत पोचणारही नाही.

लिनो


कळवे, ता. ४ एप्रिल १८८८

क्लेमु,

काल कल्याणला साक्ष झाली.

मी रुमाल सोडून तुकडा टेबलावर ठेवला. वास सुटला. शिरस्तेदाराने नाकाला उपरणे लावले आणि कागद त्याच्यापासून दूर सरकवले. मॅजिस्ट्रेटांनी तो टाकाने उलटा-सुलटा करून बघितला.

"हे तुमच्याकडे किती दिवस आहे?"

"एक्कावन्न दिवस."

"तुम्ही सरकारी नोकर आहात. सुशिक्षित आहात. पोलिसांना का दिले नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मी आगगाडीत तयार केले होते. त्यात दुःखाचा भर, घरातली मयत, मनाचा गोंधळ असे सगळे होते आणि सगळे खरे होते. उभा राहिलो तेव्हा त्यातले एकही वाक्य उच्चारण्यासारखे वाटले नाही. मी म्हणालो, "त्यात माझी चूक दिसत होती म्हणून."

मागे कोणीतरी हसले.

मग मी लोहाराचे सांगणे आणि रोजनिशीचे पान इंग्रजीत वाचून दाखवले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आरोपीकडे वळा आणि त्याला समजेल असे सांगा." माझा धंदाच तो, क्लेमु. दुसऱ्यांच्या कबुलीजबाबांची भाषांतरे मी इतकी वर्षे केली, कधी जीभ अडली नाही. काल दामाजीकडे तोंड केले आणि पहिला शब्द इंग्रजीच निघाला. तो पिंजऱ्याचा कठडा धरून उभा होता. त्याच्या नखांत अजून वंगण होते. दोन महिने गाडीला हात न लावता ते कसे राहिले कोण जाणे.

"खीळ महिन्याला काढून पुसायची असते," मी म्हणालो. "लोहाराने मला सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

त्याने कठडा सोडला. मग कोर्टाला उद्देशून नाही, मलाच म्हणाला, "इतकंच व्हतं? मंग सांगायचं ना, बाब. पुसली असती."

त्याला सोडले. मॅजिस्ट्रेटांनी मला जे सुनावले ते लिहीत नाही. त्यात काही चुकीचे नव्हते, पण सांगून त्याचे प्रायश्चित्त केल्यासारखे होईल. कचेरीतून काय होईल ते होईल.

बाहेर पिंपळाखाली दामाजी, भागीरथी आणि त्यांच्या गावची माणसे तंबाखू मळत उभी होती. मी जवळ गेलो. एक म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आला, रुमालात लाडू बांदनारा वंगनाचा हलवाई आला." सगळे हसले. दामाजी हसला नाही.

मी म्हणालो, "दामाजी, गाडी तुझीच आहे. उद्यापासून ये."

तो म्हणाला, "माझा कोयता नि वंगनाची नळी तुमच्याकडं हाय. न्यायला येन."

परत येताना मला मनातल्या मनात हलके वाटू लागले होते. कळव्याचा पूल दिसेपर्यंत मी जवळजवळ सुखी होतो. ते लक्षात आल्यावर जी किळस आली ती आधीच्या कुठल्याही किळसेपेक्षा जास्त होती. एक्कावन्न दिवस माणसाला फासावर टांगल्यासारखे ठेवायचे, मग दोर सोडायचा, आणि सोडल्याचे समाधान मानायचे.

लिनो


कळवे, ता. ११ एप्रिल १८८८, अमावास्या

क्लेमु,

आज गाडी जुंपली नाही. विठ्ठलला कालच सांगितले होते. मीही कचेरीतून रजा घेतली, मला वाटले अंगणात गाडीशेजारी नुसते बसावे. ती माझी नवी भक्ती होती म्हण.

दामाजी सकाळीच आला. कोयता घेतला, वंगणाची नळी घेतली. नळीत बोट घालून त्याने ते नाकाशी नेले, तोंड वाकडे केले आणि ओतून टाकले. मग जाता जाता गाडीजवळ थांबला. उजव्या चाकाकडे बघितले, नवी खीळ बोटाने हलवली.

"ही कवा घातली?"

"फेब्रुवारीत. इनासच्या मातीनंतर लगेच."

"नि डावी बगितलीव का?"

मी विचारले, "कुठली डावी?"

खरोखर मी हेच विचारले, क्लेमु. दोन महिने मी खिळीशिवाय दुसरा विचार केला नाही. तिच्यावर तुला इतकी पत्रे लिहिली, ती खणात ठेवून झोपलो, ती कोर्टात ठेवली. गाडीला चाके दोन असतात हे माझ्या मनात आले नाही.

दामाजीने कोयता खाली ठेवला. डाव्या चाकाशी उकिडवा बसला. दगडाला फडके गुंडाळून खिळीला खालून एक टोला दिला, अगदी हलका, नारळ वाजवून बघतात तसा. माथा वर उडाला आणि त्याच्या मांडीवर पडला. त्याने तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला. वरून चकचकीत होता. खाली दांडा नव्हताच. गंजाची बोटभर पूड होती, ती वाऱ्याने उडाली. चाक जागेवर होते ते नुसत्या वाळलेल्या वंगणाच्या जोरावर.

"दोन म्हैने विठ्ठल हिच्यावर बसला," तो म्हणाला. "त्यालापन पोरं हायत."

मी तो माथा मुठीत धरून अंगणातच बसकण मारली. त्याने मला पाणी आणून दिले नाही, आणि मीही मागितले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "लाकडाचा आख घाला. खैराच्या खिळा मी तासून पाठवीन. विठ्ठलला काढून बगायला शिकवीन, तो आवशीला माझ्याकडं येऊ दे. तुमची गाडी मी हाकनार नाय."

लोखंडी आख मी दुपारी काढायला लावला. तो परत कोणाच्या गाडीला लागू नये म्हणून मोडीत न घालता खाडीत टाकला. शिळेलाही जाऊन आलो. ते पोते कधीच संपले आहे. दुकानदार म्हणाला, "कोणाची तक्रार आली नाही, रावसाहेब."

आता जे लिहायचे ते.

२३ फेब्रुवारीला मी तुला लिहिले होते की गाडी दुरुस्त झाली आहे, तू मुलांना घेऊन ये, मी ती बंदरावर पाठवतो, मुलांना काही भीती नाही. ते पत्र तुझ्याकडे असेल तर काढून बघ. माझ्या रोजनिशीत त्याची नक्कल आहे. अक्षर सुरेख आहे, एकही खाडाखोड नाही. तीच गाडी, तेच डावे चाक. बंदरापासून पुलापर्यंत चढ आहे आणि पुलावरून इकडे उतार.

तू उत्तर दिलेस, "तुझ्या गाडीत मी बसणार नाही." मला वाटले होते तू मला शिक्षा करते आहेस. माझा फार अपमान झाला होता. तीन दिवस मी त्या ओळीवर रोजनिशी लिहिली, तुझ्या कठोरपणाबद्दल.

ती पाने फाडली नाहीत. खिळीचा माथा या पत्रासोबत कापडात शिवून पाठवतो. वरची बाजू बघू नकोस, उलटा कर.

तू बसली नाहीस, क्लेमु. मुलेही बसली नाहीत. या सगळ्यात बरोबर घडलेली तेवढी एकच गोष्ट आहे, आणि ती मी केलेली नाही.

लिनो